दुखापतीनंतर शेक घेतो, त्याआधी काय करतो? (सोलापूरच्या मैदानांसाठी धागा)

सोलापूरची_फिजिओ

नमस्कार मंडळी. शालेय स्पर्धा तोंडावर आल्यात, भरतीची पोरं पहाटे रस्त्यावर दिसू लागलीत. आता आमच्याकडे काय काय येणार ते दरवर्षी ठरलेलं: सुजलेले गुडघे, मुरगळलेले घोटे, नडगी धरून लंगडणारी मुलं. यातलं बरंचसं टाळता येतं, पण ते टाळायचं काम माझ्या क्लिनिकमध्ये होत नाही, ते मैदानावरच व्हावं लागतं. म्हणून हा धागा क्रीडाशिक्षक, पालक आणि खेळाडूंसाठी काढतेय.

आपल्याकडे 'फिजिओकडे जातो' याचा अर्थ 'शेक आणि करंट घ्यायला जातो' असा होतो. मशिनमुळे थोडा वेळ बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण पंधरा दिवस नुसता शेक घेऊन मुलगा परत मैदानावर गेला, तर ज्या अशक्त स्नायूमुळे तो जायबंदी झाला तो स्नायू होता तसाच असतो, उलट विश्रांतीने आणखी ढिला पडलेला असतो. ताकद येते ती भार दिल्याने, आणि तो भार हळूहळू वाढवत नेल्याने.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. शरीरातलं सगळं एकाच वेगाने तयार होत नाही. दम दोन-तीन आठवड्यांत वाढल्यासारखा वाटतो, स्नायूही लवकर साथ देतात. हाड आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. म्हणून नवीन सराव सुरू केल्यावर पहिले काही दिवस सगळं छान चालतं, पोरगं खुशीत अंतर वाढवतं आणि महिनाभराने नडगी किंवा टाच बोलायला लागते. कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जाणाऱ्यांना हे सांगायला नको. पंचेचाळीस किलोमीटर भक्तीच्या बळावर पार होतात, पण ज्यांनी आधी महिनाभर चालायची सवय केलेली असते ते दुसऱ्या दिवशी कामावर जातात आणि बाकीचे जिना उतरताना कठडा धरतात.

आता खो-खोबद्दल, कारण आपल्या जिल्ह्यात वाडीकुरोली, वेळापूरसारखी गावं या खेळावर जीव टाकतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुली जास्त संख्येने मैदानात येताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण या खेळात गुडघ्यावर काय येतं ते बघा. चवड्यावर बसलेल्या अवस्थेतून एकदम उठून वेग घ्यायचा, खांबापाशी वळायचं, सूर मारायचा, आणि पळतीच्या मुलीने तर पूर्ण वेगात हुलकावणी द्यायची. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, बहुतेक वेळा धक्का न लागताच तुटतो. पाऊल जमिनीत रुतलेलं, गुडघा जवळजवळ सरळ, आणि तो आत वळतो. मॅटवर बुटाची पकड मातीपेक्षा जास्त बसते, त्यामुळे पाऊल सरकून सुटत नाही. मातीत शिकलेल्या मुलींनी थेट स्पर्धेतच मॅटवर पहिलं पाऊल टाकू नये, हे शिक्षकांनी पाहायलाच हवं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात दिसते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फुटबॉलसाठी फिफाने '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप बनवला. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आले. तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती तर निम्म्याच्या जवळ. आधी हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उडी, शेवटी वेगात धावून दिशा बदलणं. खो-खोसाठी मी त्यात दोन गोष्टींवर जोर देते. एक, उडी मारून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरणं, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून क्षणभर तसंच थांबणं. समोर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढा, गुडघे आत येतात का ते मुलीलाच दाखवा, ती स्वतः सुधारते. दुसरं, नॉर्डिक. जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आपण गुडघ्यांवर उभं राहून धड सरळ ठेवत जमेल तितक्या सावकाश पुढे झुकायचं, शेवटी हात टेकायचे. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती याने जवळपास निम्म्या होतात असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलंय. सुरुवात चार-पाच आवर्तनांनी करा. पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच धरतात, म्हणून सामन्याच्या आठवड्यात हा व्यायाम नव्याने सुरू करायचा नाही.

विचारा काय विचारायचं ते. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण दिशा देईन.

खोखो_मास्तर

मॅडम, फार उपयोगी लिहिलंत. अडचण सांगतो. आमचा पीटीचा तास पस्तीस मिनिटांचा. वीस मिनिटं यात गेली तर खेळ कधी घ्यायचा? आणि मुलींना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना पाटी आखली की लगेच पळायचं असतं.

सोलापूरची_फिजिओ

सर, पूर्ण वीस मिनिटं आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीच्या दिवशी आठ-दहा मिनिटं: हलकं धावणं, उड्या, दिशा बदलणं. ताकदीचा भाग, म्हणजे नॉर्डिक आणि प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), सरावानंतर घेतला तरी फायदा टिकतो. पाय ताजे असताना खेळ घ्या, दमल्यावर ताकद घ्या, वेळेचा प्रश्न बराच सुटेल.

कंटाळ्याबद्दल: हुलकावणीचाच सराव वॉर्मअप म्हणून घ्या. अर्ध्या वेगात पळत खांबापर्यंत, तिथे कंबर खाली घेऊन दोन-तीन छोट्या पावलांत वेग तोडून वळायचं. एका मोठ्या पावलात थांबणारी मुलगी पहिली जायबंदी होते, आणि तीच पहिली बादही होते. मुलींना हे पटतं, कारण यात जिंकणंही आहे.

बसून ताणायचे जुने प्रकार, एका पायाला मिनिट-मिनिट धरून ठेवणारे, ते सामन्याआधी नकोत. स्नायूची झटक्याने जोर लावायची क्षमता थोडा वेळ कमी होते. ते सराव संपल्यावर करा.

१६००मीटर

मॅडम मी मोहोळ तालुक्यातला, पोलीस भरतीसाठी सोलापुरात रूम करून राहतो. नडगीच्या आतल्या बाजूला लई दुखतंय. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की कमी येतं, संध्याकाळी परत ठणकतं. रोज डांबरी रोडवर पळतो. मित्र म्हणतेत पळत राहा, दुखणं मोडून निघतंय. शूज सेकंडहँड घेतलेत. १६०० ला २० मार्क हायत, सोडून कसं चालंल?

सोलापूरची_फिजिओ

दादा, मैदानी चाचणीच्या पन्नासातले वीस गुण म्हणजे काय ते मला कळतं, म्हणूनच 'बंद कर' एवढं सांगून सोडणार नाही.

आधी एक तपासणी स्वतः कर. नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत वरून खाली ये. वीतभर पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल, तर तो बहुतेक शिन स्प्लिंटचा, म्हणजे जास्त पळण्याच्या ताणाने नडगीची कड दुखण्याचा प्रकार आहे. भार कमी केला की तो आवरतो. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. लक्षात ठेव, पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत तो तडा बऱ्याचदा दिसतच नाही. 'एक्सरे नॉर्मल आहे' म्हणून पळत राहिलेल्या मुलांची तीच नडगी पुढे पूर्ण मोडलेली मी पाहिलीय. त्यांची भरती त्या वर्षापुरती तरी गेली.

पहिला प्रकार असेल तर असं कर. रोज पळायचं नाही, एक दिवसाआड. डांबर सोडून मातीवर. पाच मिनिटं चाल, मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं सुरू करून पळण्याचा वाटा वाढवत ने. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते आदल्या दिवसापेक्षा जास्त नसावं. जास्त असेल तर एक पायरी मागे. पोटरीसाठी पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे तीन सेट, आधी गुडघा सरळ ठेवून, मग गुडघा थोडा वाकवून. वाकवून केल्याने पोटरीचा खोल स्नायू कामाला लागतो, पळताना नडगीवरचा ताण तोच वाटून घेतो. दोन्ही पायांवर सोपं गेलं की एका पायावर. दम टिकवायला मधल्या दिवशी सायकल मार.

शूज दुसऱ्याचे नकोत. त्या बुटाचा तळ त्याच्या पायाने झिजलाय. महाग घेऊ नकोस, पण स्वतःचे घे.

१६००मीटर

पट्ट्यात दुखतंय मॅडम, एका जागी नाही. रात्री नाही ठणकत. सायकल गावाकडून मागवतो. थँक्यू.

बाळीवेस

मी मंडळाकडून कबड्डी खेळायचो. आमच्या वेळी मांडीला मार बसला की रात्री तेल लावून दणदणीत चोळायचे, घोटा मुरगळला की हळद-मीठ गरम करून लेप, आणि सांधा निखळला की हाडवैद्य. तिसऱ्या दिवशी मैदानावर. फिजिओ, डॉक्टर कुणी नव्हतं. त्या पद्धतीत काहीच तथ्य नाही असं तुम्हाला म्हणायचंय का? विचारतोय, वाद नाही.

सोलापूरची_फिजिओ

काका, लेप लावायला माझी ना नाही. पायाला कुणी तरी काळजीने हात लावतंय याचाही फायदा असतो. पण तुम्ही सांगितलेल्या बाकी दोन गोष्टींत खरा धोका आहे.

मांडीला जोराचा मार लागतो तेव्हा आत रक्त साकळतं. ते ताजं असताना जोर लावून चोळलं तर रक्तस्राव वाढतो, आणि काही जणांच्या स्नायूत चक्क हाड तयार होतं. मग गुडघा पूर्ण वाकत नाही, महिनोन्‌महिने. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, गरम शेक नाही. हलका दाब देणारी क्रेप पट्टी, पाय उंच, दुखणं सहन होईल इतकीच हालचाल. बर्फाने ठणका कमी होतो, दहा-पंधरा मिनिटं कापडातून ठेवा. पण बर्फाने जखम लवकर भरते असा समज आहे, त्याला आधार नाही. 'विश्रांती, बर्फ, दाब, उंची' हे सूत्र १९७८ मध्ये ज्या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केलं, त्यांनीच पुढे बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं असं मान्य केलं. आता आम्ही लवकर हलकी हालचाल सुरू करतो.

खांदा निखळला तर एक्सरेआधी कुणालाही ओढू देऊ नका. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नस दाबलेली असू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला असेल तर ते तातडीचं समजा. विशीच्या आतल्या मुलाचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून नंतरचे व्यायाम अर्धवट सोडायचे नाहीत.

मुरगळलेल्या घोट्यासाठी एक साधी परीक्षा आहे, सगळ्या क्रीडाशिक्षकांनी पाठ करावी. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतंय का? करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जे हाडाचं टोक लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतंय का? मुलगा चार पावलं तरी टाकू शकतो का? हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्सरे. यातलं काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फारच कमी.

बाळीवेस

चार पावलांचं माहीत नव्हतं. मंडळाच्या पोरांना सांगतो.

लालमाती

मी तालमीत असतो. जोर, बैठका, सपाट्या, रस्सी यात सगळं येतं असं वस्ताद सांगतात. आता प्रत्येक जण म्हणतो बैठकीने गुडघे जातात. खरं काय?

सोलापूरची_फिजिओ

बैठकीने गुडघे जात नाहीत. एकदम वाढवलेल्या बैठकीने दुखतात. ज्या मल्लाने वर्षानुवर्षं हळूहळू आकडा वाढवला, त्याचे गुडघे तो भार पेलतात. नवखा पोरगा पहिल्याच महिन्यात मोठ्याची बरोबरी करायला जातो आणि वाटीच्या खाली दुखणं घेऊन येतो. वस्तादांच्या पद्धतीत जोर खांद्यासाठी उत्तम, रस्सी चढणं पाठीसाठी उत्तम. कमी पडतो तो मांडीच्या मागचा स्नायू आणि जांघ. त्यासाठी वर सांगितलेलं नॉर्डिक, आणि कुशीवर प्लँक करताना वरचा पाय जोडीदाराच्या हातात देऊन खालचा पाय वर उचलणं, एवढं वाढवा.

वजन गटात बसायला पाणी तोडून, गोधडी पांघरून घाम काढतात, ते मात्र थांबवा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, हे जिवावर बेतू शकतं. त्यात दुखतंय म्हणून वेदनाशामक सुई घेतली तर सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडावर थेट ताण येतो.

जुळेसोलापूरकर

मुलगा १४ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. शाळा, क्लब आणि शिवाय सुट्टीतलं शिबिर. कमरेत एका बाजूला दुखतं, मागे वाकला की जास्त. तीन आठवडे झाले. वाढीच्या वयात असं होतं का?

सोलापूरची_फिजिओ

दादा, 'वाढीचं दुखणं' म्हणून यावर थांबू नका. या वयाचा वेगवान गोलंदाज, कमरेत एकाच बाजूला दुखणं, मागे वाकल्यावर वाढणं, हे मणक्याच्या मागच्या भागातल्या ताणाच्या तड्याचं लक्षण असू शकतं. आजपासून गोलंदाजी बंद, हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, एमआरआय लागू शकतो. लवकर पकडलं तर तडा सहसा भरून येतो, काही महिने जातात. उशीर केला तर तो कायमचा राहू शकतो.

आणि एक वही करा. शाळेचे सर त्यांची षटकं मोजतात, क्लबचे त्यांची, शिबिराचे त्यांची. मुलाच्या एका पाठीवर किती पडली ती बेरीज फक्त तुम्हीच करू शकता.

शेळगीकर_ताई

धागा पहिल्यापासून वाचतेय. थोडं संकोचून विचारते. माझी मुलगी १६ वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. चार-पाच महिने पाळी आली नाही. प्रशिक्षक म्हणतात, जास्त सराव करणाऱ्या मुलींना असं होतंच, काळजी नको. ती रात्री भाकरीही सोडतेय, हलकं वाटतं म्हणून.

सोलापूरची_फिजिओ

ताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत. 'होतंच' असं नाही. पाळी तीन महिन्यांहून जास्त थांबली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. सरावाला लागते तितकी ऊर्जा पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, आणि त्यासोबत हाडं कमकुवत व्हायला लागतात. आयुष्यभराचं हाड याच वयात भरतं. अशा मुलींना नडगीचे आणि पावलाचे तडे वारंवार जातात.

रात्रीची भाकरी परत सुरू करा, आज रात्रीपासून. सोबत वरण किंवा उसळ, दूध, चालत असतील तर अंडी. सरावानंतर तासाभरात काही तरी खाल्लंच पाहिजे, दाण्याचा लाडू, केळं, शेंगाचटणी-भाकरी, काहीही. नवरात्राचे कडक उपवास आणि स्पर्धा एकत्र करू देऊ नका. झोपही बघा, आठ तासांहून कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापती जास्त होतात असं दिसून आलंय. प्रशिक्षकांशी मी बोलावं असं वाटलं तर इथेच निरोप ठेवा.

शेळगीकर_ताई

उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.

खोखो_मास्तर

आणखी एक, मॅडम. आमच्या एका मुलीचं एसीएलचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा. दुखत नाही, सूज नाही, सरळ पळतेही छान. ती रडून मागे लागलीय, घरचेही म्हणतात खेळू द्या, पुढच्या वर्षी वयोगटातून बाहेर जाईल. मी काय करू?

सोलापूरची_फिजिओ

सर, खेळवू नका. तिचं रडणं मला समजतं, वयोगटाचं वर्ष परत येत नाही हेही खरं. पण दुखणं थांबणं वेगळं आणि गुडघा तयार होणं वेगळं. बसवलेला लिगामेंट शरीराने आपलासा करायला बराच काळ जातो, आणि त्या काळात वेदना काहीच सांगत नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, २०१६ चा आहे, नऊ महिन्यांपर्यंत परतणं प्रत्येक महिना पुढे ढकललं तसा पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्मा होत गेला. सरळ पळणं ही परीक्षाच नाही, खो-खोत सरळ कोण पळतं?

नऊ महिने झाल्यावरही तारखेवर सोडायचं नाही. एका पायाची लांब उडी, एका पायाच्या सलग तीन उड्या, दोन्ही पायांचं अंतर टेपने मोजा. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर अजून थांबायचं. मांडीची ताकदही तशीच तोलून बघावी लागते. आणि शेवटी पूर्ण वेगात हुलकावणी देताना तिच्या चेहऱ्यावर भीती आहे का, ते तुम्ही ओळखाल, माझ्यापेक्षा चांगलं.

खोखो_मास्तर

घरच्यांना मीच समजावतो. पण तोवर तिने काय करायचं? घरी बसली तर खेळ सोडेल.

सोलापूरची_फिजिओ

घरी अजिबात नको. रोज संघासोबतच. एका पायावर खुर्चीतून उठणं, पायरी उतरताना गुडघा रेषेत ठेवणं, टाचा उचलणं, नॉर्डिक अगदी हळू आणि तिच्या सर्जनना विचारून, वरच्या अंगाची पूर्ण ताकद. वॉर्मअप तिच्याकडूनच घ्या, इतर मुलींचे गुडघे आत येतात का ते बघायचं काम तिला द्या. ऑपरेशनचे कागद आणि एक मोजमापाची टेप घेऊन मंगळवारी संध्याकाळी तिला कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर घेऊन या, मी तिथे असते. आधी चांगल्या पायाची उडी मोजून ठेवू.